बॅटरी आपल्या गाडीत, पण चावी कुणाच्या हातात?

डोलवी (ता. पेण) : ऑगस्ट २०२५ मध्ये बजाजच्या 'चेतक' इलेक्ट्रिक स्कूटरचं काम थांबवायची वेळ आली. कामगारांचा संप नव्हता, गिऱ्हाइकांची कमी नव्हती, उलट सणासुदीचे दिवस तोंडावर होते. अडलं होतं ते मोटरमध्ये बसणाऱ्या लहानशा लोहचुंबकांवाचून. हे चुंबक आणि ते ज्या धातूंपासून बनतात ते धातू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवायचे नाहीत, असा हुकूम चीन सरकारने ४ एप्रिल २०२५ रोजी काढला होता. अमेरिकेने लावलेल्या आयात शुल्काला ते चीनचं उत्तर होतं. भांडण त्या दोघांचं, झळ मात्र 'चेतक'ला बसली. २० ऑगस्टला कंपनीने उत्पादन पुन्हा सुरू झाल्याचं सांगितलं.

चुंबक मोटरमध्ये असतो, बॅटरीत नसतो. पण बॅटरीची गोष्टही अशीच आहे आणि ती याहून मोठी आहे. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच. ती कुठून येते, तिचा माल कोण अडवू शकतं आणि अडवला तर पेण, वडखळ, रोह्यातल्या माणसाचं काय होतं, हे गाडीसाठी कर्ज काढायच्या आधी समजून घेतलेलं बरं.

रायगडात बॅटरी कुठे कुठे पोचली?

आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान बघा. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. म्हणजे तिथल्या कुटुंबांची रोजीरोटी आता बॅटरीवर आली. त्याच महिन्यात २२ तारखेपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार आणि बसना टोल माफ झाला. एसटी महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचा करार केला. त्या बस बनवणाऱ्या ऑलेक्ट्रा कंपनीची तंत्रज्ञानातली भागीदार चीनची बीवायडी कंपनी आहे. भातावर, भाजीवर फवारणी करायचा पंप आता बॅटरीवर चालतो. हातातला मोबाईल तर आहेच.

पेण-अलिबाग रस्त्यावर विक्रम आणि मिनीडोर चालवणाऱ्यांपैकी काही जण आज ना उद्या इलेक्ट्रिक तीनचाकी घेतील. गाडी बंद पडून बॅटरीची वाट बघत बसली, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

डोलवीला ही साखळी नवी नाही

'जागतिक पुरवठा साखळी' हा शब्द मोठा वाटतो, पण डोलवीच्या माणसाला ती रोज डोळ्यांसमोर दिसते. धरमतर खाडीतून येणारे बार्ज बघा. जेएसडब्ल्यूच्या डोलवी कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन पोलादाची आहे. जुनी माणसं त्याला अजून 'इस्पात'च म्हणतात, कारण डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने तो इस्पात कंपनीकडून घेतला. एवढ्या भट्ट्यांना लागणारं खनिज आणि कोळसा डोलवीच्या जमिनीत नाही. मोठी जहाजं जयगडला किंवा मुंबईच्या खोल पाण्यात थांबतात आणि तिथून माल लहान जहाजांत भरून धरमतरला येतो.

पोलाद बनवायला लागणारा कोकिंग कोळसा भारत बहुतांश बाहेरून आणतो, त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये या कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. युद्ध युरोपात होतं, पण भट्टीचा खर्च इथे वाढला. घराच्या स्लॅबसाठी सळई घेणाऱ्यालाही तेव्हा त्याचा चटका बसला.

तरी पोलादात एक सोय आहे. कोळसा ऑस्ट्रेलियाने दिला नाही तर अमेरिका, रशिया, कॅनडा, मोझांबिक असे दुसरे विकणारे सापडतात, आणि भट्टी आपल्या देशात असते. बॅटरीत नेमकी भट्टीच दुसऱ्याकडे आहे.

भात आपलं, पोहे गिरणीत

हे समजायला पेणचे पोहे आठवा. भात शेतकरी पिकवतो, पण भाताचे पोहे होतात गिरणीत. सगळ्या पंचक्रोशीत एकच गिरणी असेल, तर भात कितीही पिकलं तरी भाव गिरणीवाला ठरवणार. पोहे कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हेही तोच ठरवणार.

लिथियम बॅटरी बनायला साधारण पाच पायऱ्या लागतात.

१) खाण : लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्राफाइट जमिनीतून काढणं.
२) शुद्धीकरण : दगड-मातीतून बॅटरीला चालेल इतका शुद्ध माल बनवणं.
३) पावडर : त्या मालापासून बॅटरीच्या धन आणि ऋण बाजूचं साहित्य बनवणं. याला कॅथोड आणि ॲनोड म्हणतात.
४) सेल : पावडर पातळ पत्र्यावर लावून, गुंडाळून, डब्यात बंद करणं. टॉर्चच्या सेलसारखाच, पण बनवायला फार काटेकोर.
५) पॅक : शेकडो सेल जोडून, त्यावर इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून गाडीची बॅटरी तयार करणं.

खाणी बऱ्याच देशांत आहेत. लिथियम सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियात निघतं, शिवाय चिली, चीन, अर्जेंटिना इथेही. कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त आफ्रिकेतल्या काँगोत निघतो. निकेलमध्ये इंडोनेशिया पहिला. पण दुसऱ्या पायरीवर आलं की चित्र बदलतं. जगातलं सुमारे सत्तर टक्के लिथियम आणि त्याहून जास्त कोबाल्ट चीनमध्ये शुद्ध होतं. बॅटरीसाठीचं ग्राफाइट तर नव्वद टक्क्यांच्या वर. जगात विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त चीनमध्ये बनतात. एकट्या सीएटीएल कंपनीकडे गाड्यांच्या बॅटऱ्यांचा एक-तृतीयांशाहून मोठा बाजार आहे.

आपल्याकडे 'मेड इन इंडिया' लिहिलेली बॅटरी पुष्कळदा पाचव्या पायरीवर भारतात बनलेली असते. आतले सेल बाहेरून आलेले असतात, आणि त्यातले बहुतेक चीनचे. जोडणीला कमी समजायचं कारण नाही, त्यातही कौशल्य लागतं आणि रोजगार मिळतो. पण सेल अडले की जोडणारा हात रिकामा बसतो.

चीनने हे जमवलं कसं?

लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा आणली जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. आज रिक्षा-बसमध्ये जास्त चालणारी एलएफपी नावाची बॅटरी अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जन्मली. जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, १९९७ च्या सुमारास. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. म्हणजे शोधात आपला माणूस होता, कारखाना मात्र दुसऱ्याचा झाला.

चीनने २००९ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये बॅटरी बनवणाऱ्यांची एक यादी काढली. यादीतल्या कंपनीची बॅटरी असेल तर गाडीला अनुदान, नाहीतर नाही. कोरियाच्या मोठ्या कंपन्या या यादीत नव्हत्या. काही वर्षं परकी स्पर्धा बाहेर राहिली आणि तेवढ्यात घरच्या कंपन्या मोठ्या झाल्या. निंगदे या समुद्रकाठच्या शहरात २०११ मध्ये सुरू झालेली सीएटीएल त्यातलीच. चिनी कंपन्यांनी काँगोत कोबाल्टच्या आणि इंडोनेशियात निकेलच्या खाणी, कारखानेही घेतले. दहा-पंधरा वर्षं तोटा सोसून, प्रदूषण सोसून त्यांनी पाचही पायऱ्या एकाच ठिकाणी उभ्या केल्या.

याचा जगाला फायदाही झाला, हे सांगायला हवं. २०१० मध्ये एका किलोवॉट-अवरच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरवर आली, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आत. किलोवॉट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलातलं एक युनिट. तीनचाकीची बॅटरी साधारण सात ते दहा युनिटची असते. यावरून तिच्या किमतीचा अंदाज यावा. दुकानातला भाव अर्थातच याहून वर जातो.

नळ कोणी कोणी फिरवले?

एकाच्याच विहिरीवर सगळं गाव अवलंबून असलं की काय होतं, ते गेल्या काही वर्षांत जगाने पाहिलं.

• १ डिसेंबर २०२३ : चीनने बॅटरीत लागणाऱ्या ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला.
• फेब्रुवारी २०२५ : काँगोने कोबाल्टची निर्यातच थांबवली. भाव पडले होते, ते वर आणायचे होते. ऑक्टोबरपासून बंदीऐवजी कोटा ठरवून दिला. मधल्या काळात भाव दुपटीवर गेला.
• एप्रिल २०२५ : चीनचे चुंबकांवरचे परवाने. 'चेतक'ला बसला तो हाच फटका.
• जुलै २०२५ : एलएफपी बॅटरीची पावडर बनवायचं आणि लिथियम शुद्ध करायचं तंत्रज्ञान परदेशात द्यायला चीन सरकारची परवानगी लागेल, असा नियम आला. आता माल विकत घेणं एक आणि कारखाना उभारायची विद्या मिळवणं दुसरं, अशी दोन कुलपं झाली.
• ९ ऑक्टोबर २०२५ : जास्त ताकदीच्या लिथियम बॅटऱ्या, त्यांचं कॅथोड आणि ग्राफाइट ॲनोड यांवरही परवान्याची घोषणा झाली. पुढे ३० ऑक्टोबरला अमेरिका आणि चीनचे अध्यक्ष भेटले आणि हे नियम १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित झाले. रद्द झालेले नाहीत.

इंडोनेशियाने २०२० मध्ये निकेलचं कच्चं खनिज बाहेर पाठवायला बंदी केली होती. आमच्याकडे कारखाना काढा, मग माल न्या, असं त्यांचं म्हणणं. गिरणी आपल्या गावात हवी, हा धडा त्यांनीही घेतला.

लिथियमचा भाव आणि जुनी गाडी

२०२२ च्या नोव्हेंबरात चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं होतं. २०२४ मध्ये ते एक लाख युआनच्या खाली आलं. कांद्याचा भाव पाहिलेल्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही. पण याचा परिणाम कर्जावर गाडी घेणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी होतो. भाव चढला की बॅटरी बदलायचा खर्च वाढतो. भाव पडला की नवीन गाडी स्वस्त होते आणि आपली जुनी गाडी विकायला गेलं तर कोणी विचारत नाही. म्हणून हप्त्याचा हिशेब करताना बॅटरीचं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त आहे ना, हे आधी बघायला हवं.

फॉस्फेटला दोन गिऱ्हाइकं

एलएफपी म्हणजे लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. यात महागडा कोबाल्ट आणि निकेल लागत नाही, म्हणून ती स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित. पण फॉस्फेट म्हटलं की शेतकऱ्याला डीएपीची गोणी आठवणार. दोघांचं मूळ एकच, फॉस्फेटचा दगड. चीनने फॉस्फेट खताची निर्यात आवळली. भारतात चीनमधून २०२३-२४ मध्ये वीस लाख टनांहून जास्त डीएपी आलं होतं, ते २०२४-२५ मध्ये नऊ लाख टनांच्या आत आलं. आपल्या शेतकऱ्यांना खत स्वस्त मिळावं हे चीनचं मुख्य कारण, पण त्यांच्या बॅटरी कारखान्यांनाही फॉस्फेट हवंच आहे. एकाच मालाला आता शेत आणि गाडी अशी दोन गिऱ्हाइकं झाली आहेत.

भारत काय करतोय?

केंद्राने मे २०२१ मध्ये बॅटरी सेल देशात बनवण्यासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य होतं वर्षाला ५० गिगावॉट-अवरचं, म्हणजे पाच कोटी युनिट साठवतील एवढ्या बॅटऱ्या. २०२५ संपेपर्यंत यातली फारच थोडी क्षमता प्रत्यक्ष सुरू झाली. कारण यंत्रं चीनची, ती बसवणारे तंत्रज्ञ चीनचे. २०२० पासून चिनी गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागू लागली आणि सीमेवरच्या तणावामुळे व्हिसाही अडले. सुरक्षेसाठी तसं करणं भाग होतं, पण कारखाने रेंगाळले हेही खरं.

खाणीच्या बाजूने बघितलं तर फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियम साठ्याचा अंदाज जाहीर झाला आणि भारत आता लिथियमचा राजा, अशा बातम्या फिरल्या. पुढे लिलाव काढला, तर पुरेसे बोलीदार आले नाहीत. २०२४ मध्ये तो रद्द झाला. तिथलं लिथियम मातीत मिसळलेलं, ते वेगळं करायचं तंत्र अवघड. 'काबिल' या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात १५,७०३ हेक्टरवर लिथियम शोधायचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली. चुंबकांचा धडा मिळाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना आली.

महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नागपूरला लिथियम बॅटरीचा २५ हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला. तो जेएसडब्ल्यू समूहाचाच आहे, ज्याचा पोलाद कारखाना डोलवीत आहे. याच समूहाने एमजी मोटरच्या भारतातल्या धंद्यात ३५ टक्के वाटा घेतला. तिथली भागीदार चीनची सरकारी कंपनी एसएआयसी. ज्यांच्याशी स्पर्धा करायची, त्यांच्याच सोबत बसून काम शिकायचं, असं हे गणित आहे.

पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान दाखवलं. सोडियम मिठातही असतं. म्हणून उरण-पेणच्या मिठागरांना सोन्याचे दिवस येतील, असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. सोडियम जगात सगळीकडे मुबलक आहे. त्याची बॅटरी स्वस्तात आणि लाखोंनी बनवणाऱ्याचीच चलती होणार.

भंगार फेकू नका

खाण नसलेल्या देशाला एक खाण मात्र मिळू शकते, जुन्या बॅटऱ्यांची. खराब झालेल्या लिथियम बॅटरीतून लिथियम, कोबाल्ट, निकेल परत काढता येतं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे. ती पुरायला आणि जाळायला बंदी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला भंगारात भाव मिळतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लिथियमच्या बॅटरीलाही मोल आहे, पण ती फोडायची नाही, कारण आत आग धरणारा माल असतो.

गाडी घेण्याआधी हे विचारा

• बॅटरी एलएफपी आहे का? वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची? किती टक्के क्षमता उरली की बदलून मिळणार, हे कागदावर लिहून घ्या.
• एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र आहे का?
• बॅटरी किंवा मोटर गेली तर सर्व्हिस पेणला, अलिबागला की थेट पनवेलला? सुटा भाग यायला किती दिवस?
• वॉरंटी संपल्यावर नवीन बॅटरी कितीला पडेल? जुनी परत घेऊन किती कमी करणार?
• खारेपाटातल्या लोकांसाठी महत्त्वाचं : उधाणाचं खारं पाणी बॅटरीत शिरलं तर गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका. घरापासून लांब, मोकळ्यावर ठेवा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा. खाऱ्या पाण्याने आत शॉर्ट होऊन काही दिवसांनीही आग लागू शकते.

डोलवीत पोलादाची भट्टी आली तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या पोरांपैकी ज्यांच्याकडे वेल्डिंग, फिटर, इलेक्ट्रिशियनचं शिक्षण होतं, त्यांना कारखान्यात शिरायला वाट होती. बाकीच्यांना बहुतेक ठेकेदाराकडचं काम. बॅटरीच्या पाच पायऱ्यांपैकी जोडणी, दुरुस्ती आणि जुन्या बॅटऱ्यांचा पुनर्वापर ही कामं आपल्या भागात सगळ्यात आधी येतील. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये आणि लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात त्याचं शिक्षण आतापासून मिळायला हवं. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याबरोबर हाही विषय मांडता येतो. बीजिंगचा परवाना आपल्या हातात नाही, पण बिघडलेली बॅटरी पेणमध्येच उघडून दुरुस्त करणारा पोरगा तयार करणं आपल्या हातात आहे.